‘ओन्ली’ कुठे ठेवायचा, आणि ‘च’ला कुठे थांबवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शोधनिबंधातल्या ‘वी ओन्ली टेस्टेड द सॅम्पल्स ट्वाइस’ या वाक्यातला ‘ओन्ली’ मार्गदर्शकांनी उचलला आणि ‘ट्वाइस’च्या आधी नेऊन ठेवला. पुढच्याच पानावरचं ‘द मशीन कॅन ओन्ली बी युज्ड अ‍ॅट नाइट’ मात्र त्यांनी आहे तसं राहू दिलं. शिवाय ‘आय ओन्ली सेंट द फाइल’ असं एका सहकाऱ्याला मेलमध्ये लिहिलंत, तर त्याचा भलताच अर्थ घेतला गेला. या शब्दाला काही नियम आहे, की प्रत्येकाची मर्जी, असं तुम्ही विचारलं आहे.

नियम आहे. पण तुमच्या तीन वाक्यांत दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकत्र धरल्यामुळे गोंधळ वाढला आहे. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न जागेचा आहे. तिसऱ्या वाक्यात ‘ओन्ली’ मुळात यायलाच नको होता. तुमच्या मनात मराठीतला ‘च’ होता आणि त्याच्या जागी हाताशी असलेला इंग्रजी शब्द बसला. मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा समोर येते. तरी आधी जागेचं बघू, कारण ते समजलं की ‘च’चं समजायला सोपं जातं.

‘ओन्ली’ या शब्दाचं काम वगळण्याचं आहे. तो एका गोष्टीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हीच, बाकीच्या नाहीत. म्हणून लिहिताना स्वतःला एकच विचारायचं: मी इथे काय वगळतो आहे? एक साधं वाक्य घ्या. ‘द मॅनेजर साइन्ड द लेटर ऑन मंडे.’ आता ‘ओन्ली’ सरकवत न्या. ‘ओन्ली द मॅनेजर साइन्ड द लेटर’ म्हणजे सही मॅनेजरनेच केली, इतर कुणी केली नाही. ‘द मॅनेजर ओन्ली साइन्ड द लेटर’ म्हणजे, काटेकोर वाचलं तर, त्याने नुसती सही केली. मजकूर लिहिला नाही, कदाचित वाचलाही नाही. ‘साइन्ड ओन्ली द लेटर’ म्हणजे पत्रावर सही केली, सोबतच्या कागदांवर नाही. ‘साइन्ड द लेटर ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी, त्याआधी नाही. आणि ‘द ओन्ली मॅनेजर’ केलंत तर शब्दाची जातच बदलते, तो विशेषण होतो आणि मॅनेजर एकुलता एक ठरतो.

तुमच्या पहिल्या वाक्यात वगळलं काय आहे? तिसरी, चौथी चाचणी. म्हणजे बोट ‘ट्वाइस’वर हवं: ‘वी टेस्टेड द सॅम्पल्स ओन्ली ट्वाइस’. तुम्ही लिहिलेल्या जागी तो क्रियापदाला चिकटतो. मग वाचणारा क्षणभर थबकतो, की चाचणी केली पण आणखी काहीतरी करायचं राहिलं का? पुढे ‘ट्वाइस’ आल्यावर त्याला उलगडा होतो, हे खरं. पण शोधनिबंधात वाचकाला मागे वळायला लावू नये, आणि तुमच्या मार्गदर्शकांनी तेच टाळलं.

मग ‘द मशीन कॅन ओन्ली बी युज्ड अ‍ॅट नाइट’ का चाललं? कारण तिथे दुसरा अर्थ निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. मशीन वापरता येतं, पण रात्रीच. इंग्रजीत ‘ओन्ली’ची स्वाभाविक जागा क्रियापदाच्या आसपासच असते: मुख्य क्रियापदाच्या आधी, सहायक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर, आणि ‘इज’, ‘वॉज’ एकटे असतील तर त्यांच्यानंतर. ‘शी हॅज ओन्ली रेड टू चॅप्टर्स’, ‘ही इज ओन्ली अ बिगिनर’. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं बोलताना सर्रास असंच बोलतात आणि बोट कुठे आहे ते आवाजाच्या जोराने दाखवतात. ‘आय ओन्ली गेव्ह हिम द की’ या वाक्यात ‘हिम’वर जोर दिला तर ‘त्यालाच दिली’, ‘की’वर दिला तर ‘किल्लीच दिली’. कागदावर हा जोर उमटत नाही. सगळी अडचण तिथून सुरू होते.

हा वाद जुना आहे. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ (‘स्पेक’ हे ‘स्पोक’चं जुनं रूप) ही रचना सदोष ठरवून ‘ओन्ली’ला ‘थ्री’च्या आधी बसवलं. तेव्हापासून शाळामास्तरांनी हा नियम धरून ठेवला. उलट बाजूने इंग्रजी कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्याची पाठराखण केली. त्यांचं म्हणणं असं की अर्थात गोंधळ नसेल तर शब्दाला त्याच्या स्वाभाविक जागेवरून हुसकावू नये. मला फाउलर पटतात, पण एका अटीवर. ती अट म्हणजे तुम्ही काय लिहीत आहात.

खासगी पत्र, कथा, मित्राला मेल असेल तर ‘ओन्ली’ क्रियापदापाशी राहू द्या. तिथे तो प्रत्येक वेळी हलवून अगदी नेमक्या शब्दापाशी नेलात तर भाषा ताठर वाटते. नियमावली, करारपत्र, औषध घेण्याच्या सूचना, परीक्षेची प्रश्नपत्रिका, शोधनिबंध असेल तर मात्र ज्या शब्दावर बोट आहे त्याच्या शेजारीच ठेवा. अशा मजकुराचा वाचक तुमच्या बाजूने विचार करत नाही. कधी तो घाईत असतो, कधी पळवाट शोधत असतो. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे कार्यालयीन मेल आणि अहवाल यांत, मी वाक्य मोठ्याने वाचतो. जोर न देता, सपाट आवाजात. सपाट वाचूनही अर्थ एकच निघाला तर हात लावत नाही.

शेजारी ठेवला की काम संपलं, असंही मात्र नाही. एक फलक घ्या: ‘व्हिजिटर्स मे ओन्ली पार्क हिअर ऑन संडेज’. पाहुण्यांनी रविवारीच इथे गाडी लावावी, की रविवारी गाडी लावायची तर इथेच लावावी, की इथे गाडी लावण्यापलीकडे काही करू नये? तीनही अर्थ बसतात. म्हणून तुम्ही तो हलवता: ‘व्हिजिटर्स मे पार्क हिअर ओन्ली ऑन संडेज’. आता तो ‘हिअर’ आणि ‘ऑन संडेज’ या दोघांच्या मध्ये अडकला. डावीकडे बघतोय की उजवीकडे, ते कळत नाही. अशा वेळी मी त्याला शब्दसमूहाच्या मागे टाकतो: ‘व्हिजिटर्स मे पार्क हिअर ऑन संडेज ओन्ली’. रविवारीच. कुठलीही शंका उरत नाही. मराठी लिहिणाऱ्याला तर ही जागा ओळखीची, कारण आपला ‘च’ही मागूनच येतो.

आणि इथेच दुसऱ्या अडचणीला सुरुवात होते.

‘वाक्याच्या शेवटी ओन्ली आला म्हणजे ते भारतीय इंग्रजी, चुकीचं’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ‘स्टाफ ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’, ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ ही अस्सल इंग्रजी आहे, जगभर चालते. चेकवर अक्षरी रकमेनंतर ‘ओन्ली’ लिहितो तोही याच कामाचा. पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. या सगळ्या ठिकाणी तो खरोखर वगळतो आहे. गडबड होते ती ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’, ‘आय अ‍ॅम इन द ऑफिस ओन्ली’ अशा वाक्यांत. ‘तो तसाच आहे’ म्हणताना आपण काही वगळत नसतो. नुसतं ठासून सांगत असतो. म्हणजे जागा तीच, काम वेगळं. म्हणून मी तपासताना जागा बघत नाही, काम बघतो.

आपला ‘च’ किती कामं करतो ते बघा. तो वगळतो: ‘दोघंच आले’. तो ठासून सांगतो: ‘तो तसाच आहे’. तो ओळख पटवतो: ‘हाच तो माणूस’. तो खात्री देतो: ‘मी येणारच’. तो वेळ जवळ आणतो: ‘आत्ताच निघाला’. तो जागा पक्की करतो: ‘इथेच थांब’. इंग्रजी ‘ओन्ली’कडे यातलं मुख्यत्वे पहिलं काम आहे, आणि ‘ही केम ओन्ली यस्टर्डे’सारख्या वाक्यांत थोडं वेळेचं. बाकीच्या प्रत्येक कामाला इंग्रजीत वेगळी सोय आहे. ‘मी येणारच’ म्हणजे ‘आय विल डेफिनेटली कम’. ‘हाच तो माणूस’ म्हणजे ‘धिस इज द व्हेरी मॅन’ किंवा साधं ‘धिस इज द मॅन’. ‘इथेच थांब’ म्हणजे ‘वेट राइट हिअर’. ‘आत्ताच निघाला’ म्हणजे ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’. ‘तो तसाच आहे’ म्हणजे ‘दॅट्स जस्ट हाउ ही इज’. आणि ‘मी ऑफिसातच आहे’ याला इंग्रजीत बऱ्याचदा ‘आय अ‍ॅम स्टिल अ‍ॅट द ऑफिस’ लागतं, कारण आपल्याला म्हणायचं असतं की अजून निघालो नाही. कधी काहीच लागत नाही, नुसतं वाक्य पुरतं. पुष्कळ ठिकाणी ‘च’ गाळून टाकणं हाच उत्तम अनुवाद असतो.

आता तुमचा मेल. ‘आय ओन्ली सेंट द फाइल’ लिहिताना तुमच्या मनात होतं, ‘फाइल मीच पाठवली’. वाचणाऱ्याने वाचलं, ‘मी नुसती फाइल पाठवली, बाकी कशाशी माझा संबंध नाही’. तुम्ही जबाबदारी घेत होतात आणि त्याला तुम्ही हात झटकताय असं वाटलं. दोष त्याच्या वाचण्यात नाही. कर्त्याच्या मागचा ‘ओन्ली’ इंग्रजी वाचक पुढच्या क्रियापदाला जोडतो, मागच्या ‘आय’ला जोडत नाही. ‘मीच’ म्हणायचं असेल तर ‘आय वॉज द वन हू सेंट द फाइल’ किंवा ‘आय सेंट द फाइल मायसेल्फ’. ‘माझ्याशिवाय कुणीही पाठवली नाही’ असं खरोखर वगळायचं असेल तर ‘ओन्ली आय सेंट द फाइल’. तसंच ‘तूच म्हणालास’ म्हणजे ‘यू ओन्ली सेड’ नव्हे. ‘इट वॉज यू हू सेड इट’. ही एक सवय सुधारलीत तरी कामाच्या मेलमधले निम्मे गैरसमज टळतील असं मला मनापासून वाटतं, कारण ‘मीच’, ‘तूच’, ‘त्यांनीच’ ही वाक्यं नेमकी जबाबदारी आणि दोष ठरवताना येतात.

मराठीची आणखी एक सवय सोबत येते: दुहेरी बोट. ‘फक्त दोनच नमुने’ हे मराठीत सुरेख वाटतं. ‘फक्त’ आणि ‘च’ हातात हात घालून येतात आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘ओन्ली टू सॅम्पल्स ओन्ली’ किंवा ‘जस्ट ओन्ली टू’ असं केलं की एक शब्द फुकट जातो. एकच ठेवा.

शोधनिबंध लिहिताय म्हणून संख्येबद्दल वेगळं सांगतो. संख्येआधी ‘ओन्ली’ आला की त्याला ‘कमी’चा वास येतो. ‘ओन्ली ट्वेल्व्ह पेशंट्स वेअर स्टडीड’ या वाक्यात बाराशिवाय कुणी नव्हतं एवढंच सांगितलं जात नाही. बारा ही संख्या अपुरी होती अशी कबुलीही दिली जाते. मर्यादांच्या प्रकरणात ती कबुली योग्यच आहे, तिथे अवश्य लिहा. पद्धतीच्या प्रकरणात मात्र नुसती माहिती द्यायची असते. तिथे ‘अ टोटल ऑफ ट्वेल्व्ह पेशंट्स’ म्हणा, किंवा नुसतंच ‘ट्वेल्व्ह पेशंट्स’. तुमच्या ‘ओन्ली ट्वाइस’कडेही एकदा या नजरेने बघा. दोनदा चाचणी करणं ही तुमच्या क्षेत्रातली रीतच असेल तर ‘वी टेस्टेड द सॅम्पल्स ट्वाइस’ पुरे. दोनदाच करता आली, आणखी करायला हवी होती, असं असेल तर ‘ओन्ली’ राहू द्या. हे मी बाहेरून ठरवू शकत नाही, तुम्हालाच माहीत.

वेळेच्या बाबतीतही अशीच एक दुहेरी गाठ आहे. ‘द रिपोर्ट केम ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत आला नव्हता, असा उशिराचा अर्थ. पण ‘द क्लिनिक ओपन्स ओन्ली ऑन मंडे’ म्हणजे इतर वारी बंद. पहिल्या प्रकारात उशीर ठळक करायचा असेल तर मी ‘ओन्ली’ सोडून देतो आणि ‘नॉट अन्टिल’ वापरतो: ‘द रिपोर्ट डिड नॉट कम अन्टिल मंडे’. आपल्याकडे ‘सोमवारीच आला’ यातही दोन्ही अर्थ दडलेले असतात, त्यामुळे मराठी डोळ्याला ही गाठ दिसत नाही.

‘ओन्ली’ वाक्याच्या सुरुवातीला आला तर एक व्याकरणाची गोष्ट सांभाळावी लागते. तो कर्त्याला लागला असेल तर काही बदलत नाही: ‘ओन्ली टू मेंबर्स अपोज्ड द प्लॅन’. पण तो वेळ, जागा, अट किंवा रीत सांगणाऱ्या भागाला लागून पुढे आला, तर मुख्य वाक्यात प्रश्नासारखी उलटापालट होते: ‘ओन्ली लेटर डिड शी लर्न द रीझन’. चूक कुठे होते तर जोडवाक्यात. ‘ओन्ली व्हेन द डेटा अराइव्ह्ड डिड वी नोटिस द एरर’ हे बरोबर. ‘ओन्ली व्हेन डिड द डेटा अराइव्ह, वी नोटिस्ड द एरर’ हे चूक, कारण उलटापालट ‘व्हेन’च्या भागात करायची नसते, त्याच्यानंतरच्या मुख्य भागात करायची असते. हे जड वाटत असेल तर वाक्य फिरवून घ्या: ‘वी नोटिस्ड द एरर ओन्ली व्हेन द डेटा अराइव्ह्ड’. अर्थ तोच, धोका शून्य. बहुतेक वेळा मी हेच सुचवतो. सुरुवातीचा ‘ओन्ली’ नाट्यमय असतो, आणि शोधनिबंधात नाट्याची गरज क्वचितच पडते.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ची जोडी वापरताना दोन्ही बाजूंना एकाच जातीचा माल ठेवा. ‘ही नॉट ओन्ली रोट द रिपोर्ट बट ऑल्सो द समरी’ हे लंगडं आहे, कारण एकीकडे क्रियापद आहे आणि दुसरीकडे नुसतं नाम. ‘ही रोट नॉट ओन्ली द रिपोर्ट बट ऑल्सो द समरी’ केलं की दोन्ही बाजूंना नामं येतात.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांत अदलाबदल करू नका. पहिली अट आहे, ‘तरच’. दुसरी हळहळ किंवा इच्छा आहे, ‘असतं तर किती बरं’. ‘द टेस्ट इज व्हॅलिड ओन्ली इफ द सॅम्पल इज ड्राय’ हे तुमच्या निबंधात चालेल. नुसता ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला फरकही लक्षात असू द्या. ‘इफ’ म्हणजे नमुना कोरडा असला की चाचणी ग्राह्य. ‘ओन्ली इफ’ म्हणजे कोरडा नसेल तर ग्राह्य नाहीच; कोरडा असूनही आणखी अटी असू शकतात. शास्त्रीय लेखनात हा फरक निकाल बदलतो.

काम करताना एवढं करा. मसुदा पूर्ण झाला की संगणकाच्या शोधपेटीत ‘ओन्ली’ टाका आणि एकेक ठिकाणी थांबा. प्रत्येकाला विचारा, तू काय वगळतोस? उत्तर एका शब्दाकडे बोट दाखवत असेल तर त्याला तिथे नेऊन बसवा. उत्तरच आलं नाही, तर तो ‘च’ आहे असं समजा. मग बघा की तो खात्रीचा आहे, ओळखीचा आहे की वेळेचा, आणि त्याप्रमाणे दुसरी रचना घ्या किंवा तो पुसून टाका. पहिल्या प्रकरणावर हे करून झालं की पुढच्या प्रकरणात लिहितानाच हात थांबायला लागतो. मार्गदर्शकांकडे पुढचा मसुदा देण्याआधी ‘मर्यादा’ आणि ‘पद्धती’ ही दोन प्रकरणं तरी अशी तपासून घ्या. तिथली एखादी दुरुस्ती पटली नाही, तर मूळ वाक्य आणि बदललेलं वाक्य दोन्ही इथे टाका, मी बघून सांगतो.